बाजार कोणाचा?

(धामणगाव बढे येथील भाषण)

अमेरिकेत आज १९५०च्या दशकातील बाजारसंकुलांचे, त्यांच्या कारंज्यांचे नि झगमगत्या पाट्यांचे स्मरणरंजन चालते. त्यांचा प्रमुख रचनाकार व्हिक्टर ग्रुएन हा व्हिएन्नाचा समाजवादी. १९३८ मध्ये नाझींच्या तावडीतून निसटून तो अमेरिकेत गेला. मिनेसोटातील त्याच्या साउथडेल संकुलाभोवती (१९५६) घरे, शाळा, दवाखाने असावेत, ही मूळ कल्पना होती. भांडवलाने दुकाने व मोटारतळ तेवढे उचलले. १९७८ मध्ये खुद्द ग्रुएननेच या अपत्याचे पितृत्व नाकारले.

आपला वऱ्हाडी कापूस मुंबईच्या गिरण्यांत जाई. त्यांपैकी लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या जागी आज मॉल आहे. जुनी चिमणी शोभेसाठी राखली. १९८२च्या संपात होरपळलेला कामगार मात्र विस्मरणात लोटला गेला. वास्तूची आठवण अवश्य जपावी, पण तीत राबलेल्या हातांसकट!

दुसरी वाटही होती. १९४८ साली नायगावच्या कामगारवस्तीत सहकारातून ‘अपना बाजार’ उभा राहिला. त्याचे मालक ग्राहकच होते. आपल्या आठवडी बाजारासाठी ओटे, पाणी, सावली मागताना हाच प्रश्न विचारा : बाजार नफ्यासाठी की माणसांसाठी?