अडीच फूट उंचीचं टेबल

मी कोलकात्यातल्या बागबाजारातून बोलतोय. गाव विट्याजवळ, सांगली जिल्ह्यातला खानापूर तालुका. आमच्याकडचा माणूस कोलकात्यात काय करतो हे तिकडं कुणाला सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. आम्ही गलाईवाले. जुनं सोनं गाळायचं आणि शुद्ध करून सराफाच्या हाती द्यायचं. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी गावांतली माणसं या धंद्यापायी देशभर पसरलीत. मी सोळाव्या वर्षी मामांबरोबर इथं आलो.

गलाईचं काम जमिनीवरचं. उकिडवं बसायचं, पुढ्यात भट्टी. सोन्यात अडीच-तीन पट चांदी घालून वितळवायचं, पाण्यात ओतून त्याचे बारीक दाणे करायचे आणि ते नायट्रिकमध्ये उकळायचे. चांदी विरघळते, तळाला विटकरी रंगाची भुकटी उरते. तेच सोनं. टाकणखार घालून ती मुशीत वितळवली की पिवळी होते. अठरा वर्षं मी हेच केलं. या कामात पाठ, गुडघे आणि मांड्या लागतात, हे ते गेल्यावर कळलं.

चौतिसाव्या वर्षी दुकानाच्या धुराड्याचा पत्रा नीट करायला शिडीवर चढलो आणि पाठीवर पडलो. छातीच्या भागातला बारावा मणका मोडला, मज्जारज्जू दबला. कमरेखाली हालचाल गेली, स्पर्श गेला, लघवीवरचा ताबा गेला. दवाखान्याची हकीकत सांगत नाही, ती सगळ्यांची सारखीच असते.

भेटायला येणारा प्रत्येक जण मुरलीकांत पेटकरांचं नाव घ्यायचा. ते आमच्याच जिल्ह्यातले, पेठ-इस्लामपूरचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. ‘चंदू चॅम्पियन’ सिनेमा आल्यापासून तर विचारूच नका. पण मला त्यांच्या पदकापेक्षा दुसऱ्या गोष्टीचं कुतूहल. पुण्यात टेल्कोत त्यांनी वर्षानुवर्षं नोकरी केली, ती कशी? सकाळी जायचे कसे, टेबल कसलं होतं, संडास कुठं होता? पदकावर सगळे बोलतात, हे कुणी सांगत नाही.

त्या बाबतीत नसीमा हुरजूकांचं ‘चाकाची खुर्ची’ मला जास्त उपयोगी पडलं. तरुणपणीच पाय गेले, तरी त्यांनी कोल्हापुरात सेंट्रल एक्साइजमध्ये नोकरी केली आणि १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड’ उभी केली. मावसभावानं ते पुस्तक विट्याहून पाठवलं होतं.

सरकारी नोकराला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्याला काढता येत नाही, पदही खाली आणता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरी जागा द्यायची, तीही नसेल तर जादा पद तयार करायचं. सैनिकासाठी पुण्याजवळ खडकीचं पॅराप्लेजिक केंद्र आहे. गलाईवाल्याला पाहुणे. दया नको होती असं अशा भाषणांत सगळे सांगतात. मला चालली. दोन वर्षं मामांनी काम न करता वाटा दिला, त्यावर घर चाललं.

मग मी हट्टानं दुकानात गेलो. मुलांनी उचलून जमिनीवर बसवलं, भट्टीसमोर. दीड तास काम केलं, मजा आली. घरी आल्यावर बायकोनं पँट बदलताना पाहिलं. पोटरीवर तळहाताएवढा भाजल्याचा डाग. मला पत्ताच नव्हता. ती जखम भरायला साडेचार महिने लागले, तेवढे दिवस पालथं पडून काढले. ज्याला आच कळत नाही त्यानं आगीपाशी बसू नये, एवढं साधं होतं ते. पण त्या रात्री मी पहिल्यांदा रडलो. दवाखान्यातही रडलो नव्हतो.

आता टंच काढण्याबद्दल. म्हणजे सोनं किती शुद्ध ते ठरवणं. यासाठी आता एक्सआरएफ यंत्र आलंय. दागिना आत ठेवायचा, क्ष-किरण पडतात आणि जरा वेळात टक्केवारी पडद्यावर. या यंत्रानं जुन्या माणसांची कमाई खाल्ली म्हणून मीच त्याला शिव्या द्यायचो. पण ते टेबलावर बसतं! भावाच्या भागीदारीत कर्ज काढून एक घेतलं. घराच्या खालच्या खोलीत अडीच फूट उंचीचं टेबल केलं, खाली गुडघे जातील असं. यंत्र वरचा थरच वाचतं, जाड मुलामा दिला की फसतं. शंका आली की नमुना काढून शिशाबरोबर भट्टीत लावावा लागतो. भट्टी एक बंगाली पोरगा सांभाळतो, तराजू माझ्याकडं. मिलिग्रॅमचं काम हातांचं आणि डोळ्यांचं, ते शाबूत आहेत.

दिवस घड्याळावर चालतो. दर वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, नाहीतर बसण्याच्या जागी जखम होते. दर चार तासांनी नळी घालून लघवी काढायची. कोलकात्याच्या उकाड्यात नळीचा कंटाळा म्हणून पाणी कमी पीत होतो. दोनदा ताप आला, तेव्हा कळलं. बाजारात मला जाता येईल असा संडास नाही, म्हणून मी बाजारात जात नाही. गरानहाटा, बहूबाजारचे कारागीर माझ्याकडं येतात. पायांपेक्षा संडासानं माझा धंदा जास्त ठरवला, हे कुणाला खरं वाटत नाही.

जवळच मराठा डिच लेन आहे. १७४२ मध्ये मराठ्यांच्या स्वाऱ्यांना भिऊन इथल्या लोकांनी खंदक खणला, त्याची ती आठवण. आमची जुनी घरं रस्त्यापासून दोन पायऱ्या वर असतात. खंदकानं नाही अडला, हा मराठा पायऱ्यांनी अडला, असं मी शेजाऱ्यांना म्हणायचो. समोरच्या घोषदादांनी एका रविवारी गवंडी बोलावला आणि मला न विचारता उतार करून घेतला. उतार जरा उभाच झालाय. चढताना मागून कुणीतरी लागतं, उतरताना मी एकटा उतरतो.

सुरुवातीला कारागीर पैसे जास्त ठेवून जायचे. मी मोजून परत द्यायचो. गेल्या पूजेआधी एक जण टंच कमी निघाला म्हणून माझ्याशी तावातावानं भांडला, चोर म्हणाला. मी नमुना पुन्हा लावला. आकडा तोच आला. त्यानं पैसे आपटले आणि निघून गेला. पुढच्या आठवड्यात दुसरा माल घेऊन आला, चहा मागितला.

चला, माझे चार तास झाले. प्रश्न असतील तर दहा मिनिटांनी घेतो.