विद्वत्ता कुणाची खुपते?

पुढारी ‘फार शिकलेला’ आहे असं म्हणणं ही स्तुती की शिवी? अमेरिकेतल्या वृत्तपत्रांत हे बरेचदा माणूस पाहून ठरत आलं आहे.

१९५२ची अध्यक्षपदाची निवडणूक घ्या. एका बाजूला ॲडलाय स्टीव्हन्सन, दुसऱ्या बाजूला जनरल आयसेनहॉवर. स्टीव्हन्सन यांची भाषणं घोटीव आणि नर्मविनोदी. त्यांना आणि त्यांच्या चाहत्यांना ‘एगहेड’ हे नाव चिकटलं. एगहेड म्हणजे अंड्यासारख्या डोक्याचा. आपण ‘पुस्तकी पंडित’ म्हणतो, तसंच. स्ट्यूअर्ट अल्सॉप या स्तंभलेखकामुळे हा शब्द रूढ झाला. अल्सॉप स्वतः मात्र येल विद्यापीठाचे पदवीधर! आणि आयसेनहॉवर? ते १९४८पासून कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्ष होते. म्हणजे विद्यापीठाचा प्रमुख साधासुधा शिपाईगडी ठरला, आणि व्यवसायाने वकील असलेला माणूस पुस्तकी. टक्कल तर दोघांनाही होतं.

२००४ साली जॉर्ज बुश आणि जॉन केरी समोरासमोर आले. दोघेही बड्या घरचे, दोघेही येलचे. बुश यांच्याकडे तर हार्वर्डची व्यवस्थापनाची पदवीही होती. पण टेक्सासातलं शेतघर आणि अडखळतं बोलणं यांमुळे बुश ‘आपल्यातले’ झाले. केरींना फ्रेंच येतं, याचीसुद्धा टिंगल झाली. बुश यांचे येलचे गुण १९९९मध्येच छापून आले होते. केरींचे गुण ‘बोस्टन ग्लोब’ने छापले ते २००५मध्ये, निवडणूक होऊन गेल्यावर. केरींची चार वर्षांची सरासरी ७६, बुश यांची पहिल्या तीन वर्षांची ७७!

बुशना मठ्ठ म्हणून हसणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवायला हवं. दोन्ही शिक्के बोलण्याच्या ढंगावरून मारलेले होते.

ढंगाची चर्चा सोपी असते, त्यासाठी कागदपत्रं चाळावी लागत नाहीत. इराक युद्धाला परवानगी देणाऱ्या ठरावाच्या बाजूने २००२मध्ये मत दिल्यावर केरी युद्धाच्या हाताळणीवर टीका करत होते. त्यांची लांबलचक स्पष्टीकरणं मला स्वतःला पटली नव्हती, पण त्यांतला मुद्दा खोडण्याऐवजी वाक्यांची लांबीच मोजली गेली. बुश यांच्या छोट्या वाक्यांना ठामपणाचे गुण मिळाले. इराकमध्ये संहारक शस्त्रांचे साठे नव्हते, हा अमेरिकी तपासणी पथकाचा अहवाल ६ ऑक्टोबर २००४ रोजी बाहेर आला. मतदानाला तेव्हा चार आठवडेही उरले नव्हते.