श्वासाचे मोजमाप
(सुवर्णमहोत्सवानिमित्त सारोळे येथे दिलेले व्याख्यान)



जैन तत्त्वज्ञानाने सांगितलेल्या दहा प्राणांपैकी श्वासोच्छ्वास हा एक प्राण आहे. कायोत्सर्गाचा काळ श्वासोच्छ्वासांच्या संख्येने मोजण्याची परंपरा आहे. नऊ वेळा णमोकार मंत्राचे स्मरण म्हणजे सत्तावीस श्वासोच्छ्वास. श्वासाची गणना या समाजाला नवी नाही. आरोग्यशास्त्र याच श्वासाचे आणखी एक मोजमाप करते.

जॉन हचिन्सन या इंग्लिश वैद्याने १८४६ साली दोन हजारांहून अधिक व्यक्तींच्या फुप्फुसांची मोजणी प्रसिद्ध केली. त्याच्या उपकरणाचे नाव स्पायरोमीटर. छाती भरून श्वास घ्यायचा आणि तो जोराने, अखेरपर्यंत नळीत सोडायचा, एवढीच ही परीक्षा. एकूण हवा किती आणि पहिल्या सेकंदात किती, हे यंत्र नोंदवते. श्वासनलिका अरुंद झाल्या असतील, तर पहिल्या सेकंदाचा वाटा घटतो. नलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही तो ०.७ हून कमी राहिला, तर सीओपीडी या दीर्घ श्वसनविकाराची शंका बळावते.

धर्मादाय संस्थांची आरोग्य शिबिरे मोलाची असतात. परंतु शिबिरात बहुधा खोकणारा येतो. चुलीपुढे बसलेली, तक्रार न करणारी माउली येत नाही. केवळ शिबिराच्या नोंदींवरून गावाचे आरोग्य ठरवता येत नाही. म्हणून लोकसंख्येच्या अभ्यासात यादीतून यदृच्छेने नावे निवडून त्या व्यक्तींपर्यंत पोहोचावे लागते. पुणे व मुंबई ही केंद्रे असलेल्या ‘बोल्ड’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात चाळीस वर्षांवरील व्यक्तींची अशीच निवड झाली. सर्वत्र एकच पद्धत ठेवली गेली आणि फुंकरीचे आलेखही पुन्हा तपासले गेले. अर्धवट सोडलेली फुंकर निष्कर्ष चुकवू शकते. अशा अभ्यासांचा पाया म्हणजे विश्वासार्ह यादी. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२ पासून वढू परिसरातील २२ गावांत जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची नोंद ठेवली, ती याच दृष्टीने महत्त्वाची.

याहून कठीण प्रश्न मापदंडाचा. ‘निरोगी’ कोणास म्हणावे? मुंबईच्या डॉ. एस. आर. कामत व सहकाऱ्यांनी १९७७ साली भारतीयांची प्रमाणमाने प्रसिद्ध केली. पुढे २०१३ मध्ये सतरा देशांतील ‘प्युअर’ अभ्यासात वय, उंची आणि लिंग लक्षात घेऊनही दक्षिण आशियातील निरोगी, धूम्रपान न करणाऱ्यांची पहिल्या सेकंदातील हवा उत्तर अमेरिका व युरोपच्या तुलनेत सुमारे ३१ टक्क्यांनी कमी आढळली. हा फरक जन्मजात मानला, तर कुपोषण आणि धूर यांनी केलेली हानीही ‘आपल्याकडचे सामान्य’ ठरते. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ मध्ये वंशानुसार वेगळी प्रमाणे वापरू नयेत, अशी शिफारस केली, ती याच चिंतेतून.

तंबाखूपासून दूर राहणाऱ्यांनी निश्चिंत राहावे, असेही नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले की, सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. चुलीचा धूर हे त्याचे एक प्रमुख कारण. महामार्गालगतच्या सारोळ्यास वाहनांच्या धुराचीही ओळख आहे.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात शिबिराबरोबरच घरोघरी विचारपूस व्हावी. स्वयंपाकघरात धूर किती, चढ चढताना कोणास थांबावे लागते, हे विचारून त्यांना तपासणीस आणावे. वायुकायिक जीवांचीही चिंता वाहणाऱ्या धर्माच्या अनुयायांनी स्वतःच्या घरातील मूक श्वासाची दखल घ्यावी. जो बोलत नाही, त्याचे दुःख ओळखणे हीच जीवदया होय. जय जिनेंद्र!