पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं?

आज ऐकताना कागद-पेन्सिल जवळ ठेवा, आणि घरात आठवी-नववीतलं मूल असेल तर त्यालाही हाक मारा. इथे अमेरिकेत साधारण याच वयात आल्जिब्रा वन सुरू होतं, आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वाद सुरू होतो: "आई, आमच्या टीचर असं करत नाहीत!"

समीकरण लिहून घ्या: ३ एक्स वजा ७ बरोबर ११. आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून लगेच निघतं, "सात पलीकडे ने, चिन्ह बदल." ३ एक्स बरोबर १८. इथपर्यंत सगळं ठीक. आता तीनही पलीकडे न्यायचे आहेत. मुलाच्या कानात फक्त "चिन्ह बदल" राहिलेलं असतं. ते १८ मधून ३ वजा करतं आणि लिहितं, एक्स बरोबर १५. मग आपला आवाज चढतो, आणि दुसऱ्या दिवशी ते मूल वही घेऊन आपल्याकडे येतच नाही. मला काळजी वाटते ती याची. चुकलेला एक मार्क भरून काढता येतो.

शाळेत शिकवतात ते असं: दोन्ही बाजूंना ७ मिळवा, मग दोन्ही बाजूंना ३ ने भागा. एक्स बरोबर ६. आपली पद्धत हीच आहे, फक्त मधली पायरी न लिहिता केलेली. आपण शेकडो गणितं सोडवल्यावर ती पायरी गाळायला लागलो. मुलाला पहिल्या दिवसापासून गाळलेलीच दाखवली तर गोंधळ होणारच. म्हणून घरी "पलीकडे ने" म्हणूच नका. तराजूची दोन पारडी म्हणा. आणि उत्तर परत घालून बघायची सवय लावा: ३ गुणिले ६, १८, त्यातून ७ गेले, ११. पंधरा घातले तर ३८ येतात, म्हणजे चूक कुणी सांगायचीही गरज नाही.

आता आलेखाकडे. दहावीच्या निर्देशक भूमितीत आपण ज्याला 'चढ' म्हणायचो, तो इथला स्लोप. शब्द आपलाच जास्त छान आहे, कारण त्यात अर्थ दिसतो. आपण वाय बरोबर एमएक्स अधिक सी लिहायचो. इथे सीच्या जागी बी लिहितात. रेषा वाय-अक्षाला जिथे छेदते ती जागा, एवढाच त्याचा अर्थ. (वर्गसमीकरणात पुन्हा एक बी येतो, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. हे मुलांना आधीच सांगून ठेवा.)

बिंदू घ्या (२, ११) आणि (६, ३). सूत्राला हात लावण्याआधी विचारा, "डावीकडून उजवीकडे जाताना आपण चढतोय की उतरतोय?" अकरावरून तिनावर, म्हणजे उतार. चढ ऋण यायला हवा. आता वजाबाकी: ३ वजा ११, उणे ८, ६ वजा २, ४. चढ उणे २. नेहमीची चूक म्हणजे वर एका क्रमाने वजाबाकी आणि खाली उलट क्रमाने. मग अधिक २ येतात, पण उतार आधी पाहिलेला असला की मूल स्वतःच थबकतं. पुढे पहिला बिंदू घाला: ११ बरोबर उणे ४ अधिक बी, म्हणून बी १५. दुसऱ्या बिंदूने पडताळा: उणे १२ अधिक १५, ३. जमलं.

आता तुमच्यासाठी एक. (उणे १, ७) आणि (३, उणे १) यांतून जाणारी रेषा काढा, आणि ती आपल्या आधीच्या रेषेला कुठे भेटते ते शोधा. एकसामयिक समीकरणं मांडलीत तर शेवटी १५ बरोबर ५ असं काहीतरी विचित्र उरेल. खोडरबर घेऊ नका. दोन्ही रेषांचे चढ शेजारी-शेजारी लिहा, आणि मुलांना त्यांच्याकडे बघू द्या.