झोप म्हणू नका, श्वास बघा

आपल्या बचत गटांच्या बैठकीत सहसा न निघणारा विषय आम्ही आज घेतला आहे.

कॅन्सरच्या दुखण्यावर डॉक्टर मॉर्फिन देतात. दुखण्याच्या काही गोळ्यांत ट्रॅमाडॉल असतं, खोकल्याच्या काही औषधांत कोडीन. ही सगळी अफूच्या जातीची औषधं. सांगितली तेवढी घेतली तर आराम पडतो. म्हणून दुखणाईताची गोळी भीतीने बंद करू नका. पण जास्त झाली, किंवा वर दारू पडली, तर श्वास मंदावतो आणि थांबतोही. नशा करणाऱ्याचंही तसंच होतं.

ओळखायचं कसं? हलवूनही माणूस उठत नाही. श्वास मंद, घशात घरघर. ओठ निळसर, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. घरचे म्हणतात, "झोपू दे, उतरेल." तिथेच घात होतो.

लगेच 108 ला फोन करा. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा. थांबला असेल आणि येत असेल, तर तोंडाने श्वास द्या, छाती दाबा. कांदा हुंगवू नका, मिठाचं पाणी पाजू नका.

यावर दवाखान्यात नालोक्सोनचं इंजेक्शन देतात. काही मिनिटांत श्वास परत येतो. पण त्याचा असर तासा-दीड तासात ओसरतो आणि श्वास पुन्हा थांबू शकतो. म्हणून शुद्धीवर आला तरी डॉक्टर सोडेपर्यंत घरी आणू नका.

काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा, रिकामं पाकीट सोबत न्या. लाजेपायी जीव जाऊ देऊ नका. व्यसन सोडवायला 14446 वर मोफत सल्ला मिळतो. आणि गोळ्या आजपासून कुलपात ठेवा.