शेअर विकले, पैसा कोठे गेला?

कंपनीने शेअर विकले की कारखाना वाढणारच, असे आम्ही कामगार चळवळीतली माणसेही धरून चालत होतो. ताळेबंद वाचायला शिकलो तेव्हा डोळे उघडले. शिरूर तालुक्यात रांजणगावला कारखाना असलेल्या एलजीचे ११,६०७ कोटींचे शेअर ऑक्टोबर २०२५ मध्ये विकले गेले. ते सारे कोरियातील मूळ कंपनीचे. इथल्या कंपनीला त्यातला रुपयाही मिळाला नाही. दौंड तालुक्यात कुरकुंभला कारखाना असलेल्या एमक्यूअरच्या जुलै २०२४ च्या १,९५२ कोटींत नवे शेअर ८०० कोटींचे. तेही मुख्यतः कर्जफेडीसाठी. कर्ज फिटले की व्याज वाचते, वाढीला वाव मिळतो, हे खरे. पण आपल्या मुलांच्या पगाराचा करार होईल तेव्हा शेअरच्या भावाने हुरळू नका. पैसा कोणाच्या हाती पडला, ते आधी विचारा.