मातृभाषा आणि वाचोपचार



‘चमचा’मधला च आणि ‘चहा’मधला च निराळे, हे मराठी मुलाला कोणी शिकवत नाही. मराठी न जाणणारा वाचोपचारतज्ज्ञ मात्र पहिल्या उच्चाराला दोष समजू शकतो. मूल निर्दोष, तरी उपचार सुरू! मराठी माध्यम मुलांना पुढे ओझे होईल, ही पालकांची धास्ती निदान या व्यवसायात तरी उलटी ठरते.

म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ची, मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ची. बारावी विज्ञानानंतर पदवी चार वर्षांची, शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे; पुढे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आवश्यक.

पक्षाघाताने वाचा हरपलेल्या आजीशी मराठीतच बोलावे लागते. तसे बोलणारा प्रशिक्षित माणूस परप्रांतात सहसा सापडत नाही.